रेणूनं घेतलेलं माप

रेणू, तुझ्या दुकानाच्या माडीवरचा पंखा तुझी आई अजून बंद करू देत नाही. दिवसभर तो फिरत असतो. तुझ्या बाराव्याच्या दुपारी मी वर गेले आणि सवयीनं बटणाकडे हात नेला, तर खालून जिन्यातून आवाज आला, "अदी, असू दे गं. बंद केली की ते सगळे गप होतात."

ते सगळे म्हणजे कागद. तुला सांगायला नको, पण मला ती खोली पुन्हा एकदा नीट बघायची आहे. लष्कर मोहल्ल्यातल्या त्या गल्लीत खाली तुझ्या बाबांचं शिलाईचं दुकान आणि वर ही लांबट खोली. तिन्ही भिंतींना खिळे, आणि खिळ्याखिळ्याला खाकी कागदातून कापलेली माणसांची मापं. कुणाची पाठ, कुणाचा गळा, कुणाच्या बाह्या. प्रत्येक कागदावर पेन्सिलीनं नाव आणि तारीख. बाबा कुणाचं माप टाकून देत नसत. माणूस गेलं तरी त्याचा कागद खिळ्यावर राहायचा. वारा लागला की सगळे एकदम हलायचे, कुजबुजल्यासारखे. तू मला पहिल्यांदा वर नेलंस तेव्हा म्हणालीस, "भिऊ नको. यातले निम्मे मेलेत, पण चांगले हायत."

पुढे आपण त्यांनाच पब्लिक म्हणायला लागलो.

मी आठवीत असताना माझ्या बाबांची बदली झाली आणि आम्ही नाशिकहून म्हैसूरला आलो. घर हिनकलला, अर्धवट बांधलेल्या बंगल्यांच्या ओळीत. मला कन्नड येत नव्हतं, मैत्रीण नव्हती. शाळेचा गणवेश शिवायला आई मला तुमच्या दुकानात घेऊन आली, कारण कुणीतरी सांगितलं होतं की तिथं मराठी बोलतात. गळ्यात टेप अडकवलेली माझ्याच वयाची एक मुलगी पुढे आली. तुझं मराठी ऐकून आई हसू दाबत होती आणि तुला ते कळलं होतं. तू माझ्या खांद्यांवर नुसते हात ठेवलेस, टेप लावायच्या आधीच, आणि म्हणालीस, "उजवा खांदा खाली हाय हिचा. दप्तर त्याच बाजूला घेतीस अल्वा?"

मी मान हलवली.

"बाजू बदल. नाहीतर ब्लाऊज शिवताना आयुष्यभर टेलरला शिव्या देशील."

तुझे बाबा हसत म्हणाले, "हिची बोटं बघतात. डोळे नुसते हायत." तेव्हा मला ते कौतुक वाटलं.

त्या दिवाळीत पुण्याच्या मावसभावानं मला पंक गाण्यांची एक डिस्क भरून दिली. ती मी तुझ्याकडे आणली कारण दुकानात वाजवायची सोय होती. पहिलं गाणं दीड मिनिटात संपलं. तीन सूर, एक बाई जिवाच्या आकांतानं ओरडतेय, ढोल कुणी जिन्यावरून ढकलून दिल्यासारखे. तुझं इंग्रजी जेमतेम. तू कात्री खाली ठेवलीस.

"संपलं? एवढंच?"

"एवढंच."

"परत लाव." मग पुन्हा, मग पुन्हा. चौथ्यांदा ऐकून तू म्हणालीस, "हिला गायला येत नाही ना? मग आपल्याला पण येतंय की."

आपलं सगळं त्या वाक्यावर उभं राहिलं. दोन घरं सोडून इरफानच्या मामाचं सायलेन्सर जोडायचं दुकान होतं. इरफान आधी डबे बडवायचा, मग कुठल्याशा बंद पडलेल्या बँड कंपनीचा ड्रम त्यानं मिळवला. मी बेस गिटार शिकले, म्हणजे चार तारांपैकी दोन शिकले. तू गिटार आणि आवाज. बँडचं नाव तू ठेवलंस, 'उसवण'. इरफाननं अर्थ विचारला तेव्हा तू त्याच्या शर्टाची शिवण धरून टर्रकन फाडलीस. "हे."

केस आपण कापडाच्या कात्रीनं कापले. तुझे कान मोठ्या सेफ्टी पिनांनी टोचले, आणि तू ओरडण्याऐवजी एवढी हसलीस की खालून गिऱ्हाईक वर बघायला आलं. मंड्याहून, हासनहून आपल्यासारखी दहा-बारा पोरं-पोरी रविवारी बसनं यायची. मामाच्या दुकानात आपण वाजवायचो, तेलाच्या डागांवर उभं राहून. बाहेरच्या जगात ज्यांना कुणी शेजारी बसवून घेतलं नसतं, ती सगळी तिथं एकमेकांच्या अंगावर आदळायची आणि पडलेल्याला हात देऊन उठवायची. हा नियम तुझा होता. पडला तर उचलायचा, मगच पुढचं गाणं. त्यातलं प्रत्येकजण आजही एकमेकांच्या घरी न सांगता जाऊ शकतं. मीच तेवढी जाईनाशी झाले.

तुझं सगळ्यात गाजलेलं गाणं अर्धं मराठी, अर्धं कन्नड. 'माप घे, माप घे, माझं माप घे, बसत नाही बसत नाही, तुझं झबलं बसत नाही', आणि मग सगळ्यांनी मिळून, 'अळते तप्पिदे!' म्हणजे माप चुकलंय. तुझ्या बाबांनी ते खालून पुरं ऐकलं आणि संध्याकाळी शांतपणे म्हणाले, "माप चुकली म्हणून एवढं ओरडतेत का? उसवायची, परत घालायची." तू दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाहीस. तिसऱ्या दिवशी मला म्हणालीस की बाबा खरे पंक आहेत.

पिरियापट्टणची दुपार तुला आठवत असेल. मला अलीकडे ती फार आठवते.

इरफानच्या ओळखीच्या एका शेतकऱ्याकडे तंबाखू वाळवायची उंच खोली होती. हंगाम संपून ती रिकामी पडली होती. खिडकी नाही, वर अंधारात बांबूंचे थर, भिंतींना वर्षानुवर्षांचा तो गोड, घशाला लागणारा वास. तिथं आवाज घुमेल म्हणून आपण मोबाइलवर गाणी टिपायला गेलो. बाहेर कडक ऊन होतं आणि आत दार लावल्यावर एकमेकांची तोंडंही दिसेनात. पहिलं गाणं संपलं. आपण थांबलो. मग वरून, बांबूंमधून, 'तप्पिदे' परत आलं. लगेच नाही. आपण श्वास घेऊन सोडण्याइतका वेळ गेल्यावर. आणि तुझ्या आवाजात नाही. कुणीतरी शब्द पहिल्यांदाच म्हणून बघतंय, तसं.

इरफाननं काठ्या खाली ठेवल्या. "घुमतंय," मी म्हणाले. माझा आवाज मात्र घुमला नाही. तो जिथल्या तिथं पडला.

तू वर बघितलंस आणि विचारलंस, "कोण हाय?" मग कन्नडमधून, "यारु?"

काही नाही. बांबू किरकिरले.

इरफान सामान गोळा करायला लागला. मी दाराला हात घातला. तू हललीही नाहीस. "थांबा की. भ्यायचं काय? ऐकायला कोणतरी आलंय, आणि तुम्ही उठून चाललात?" आणि तू एकटीनं, बिनगिटारची, अख्खं गाणं पुन्हा म्हणालीस, वर तोंड करून. या खेपेला काहीच परत आलं नाही. बाहेर आल्यावर तू घामानं निथळत होतीस आणि तुझे हात गार होते. मी विचारलं तर म्हणालीस, "ऐकून घेतलं त्यानं. बास झालं."

त्या दिवसापासून मला तुझी थोडी भीती वाटत आली, रेणू. हे मी तुला कधी सांगितलं नाही. तुला नसलेली माणसं मोजता यायची, आणि असलेल्यांच्या अंगातलं त्यांनाच माहीत नसलेलं काहीतरी कळायचं. तुमच्या शेजारच्या काकूंचा ब्लाऊज तू दोन इंच सैल कापलास. त्या भांडायला आल्या आणि पाच महिन्यांनी सातवा महिना लागल्यावर तोच ब्लाऊज घालून पेढे घेऊन आल्या. सगळे हसले. मीही हसले.

मग मी शिकायला बाहेर पडले, पुण्याला नोकरी लागली, लग्न झालं. आई-बाबाही नाशिकला परत गेले. मी म्हैसूरला यायचे ती तुमच्यासाठी. तुझे बाबा गेले त्या वर्षी मी आले तेव्हा तू माडीवर एकटीच रविवारची तालीम करत होतीस. इरफानला दुकानातून सवड नव्हती, मंड्या-हासनची पोरं संसाराला लागली होती. तू त्या कागदांसमोर उभी राहून ओरडत होतीस. मला ते सहन झालं नाही.

मी म्हणाले, "रेणू, किती दिवस? तो सीन संपला. तो होता तरी का? पंधरा जण होतो आपण. लहानपण होतं ते."

तू गिटार खाली ठेवलीस. "तुझं लहानपण होतं. माझं गाव हाय."

"मी असं नाही म्हटलं."

"तू राहायला आली होतीस अदी. राहून झालं, गेलीस. सुम्ने, उगाच, मला कशाला मोठं करतेस?"

मी रागानं म्हणाले की मेलेल्या लोकांच्या कागदांना गाणी ऐकवणं याला वेड म्हणतात. तू खाली बघून बॉबिन भरत बसलीस आणि मी जिना उतरले. सहा वर्षं आपण बोललो नाही. कोण बरोबर होतं यावर मी सहा वर्षं मनात तुझ्याशी भांडत होते, आणि प्रत्येक वेळी मीच जिंकत होते, कारण तुझी वाक्यंही मीच बोलत होते.

इरफानचा फोन आला तेव्हा मी दवाखान्यातून तपासणी करून घरी परतत होते. तो म्हणाला, "अदी, रेणू गई." मी विचारलं, कुठे गेली? तो रडायला लागला. दुपारी कापड कापता कापता तू टेबलावर डोकं टेकवलंस. आईला वाटलं, दमली. डोक्यातली नस फुटली होती, डॉक्टर म्हणाले. कात्री हातातच होती.

मला लगेच येता आलं नाही. का, ते मी इरफानला सांगितलं नाही. ते मी नवरा आणि बहीण सोडून कुणालाच सांगितलं नव्हतं. श्रावणात माझी शस्त्रक्रिया झाली होती. डाव्या बाजूला गाठ निघाली आणि डावा स्तन काढून टाकला. त्यानंतरची औषधं चालू होती. बाहेर पडताना मी आतून कापसाची जाड पट्टी लावायचे, कुणाला कळू नये म्हणून. म्हैसूरमध्ये तर कुणाला कळायचा प्रश्नच नव्हता. मी बाराव्याला पोचले.

जेवणं झाली, विठ्ठल मंदिरातली भजनी मंडळी गेली. तुझ्या आईनं मला माडीवर बोलावलं. कपाट उघडलं आणि हँगर माझ्या हातात दिला.

"हे तुझं हाय. घेऊन जा. मला हे घरात ठेवायला भ्या वाटतंय."

काळ्या जाड कापडाचं जाकीट. कॉलरला पिनांची ओळ. पाठीवर लाल दोऱ्यानं 'उसवण'. असं जाकीट आपण तिघांनी शिवायचं ठरवलं होतं, विसाव्या वर्षी. मी ते अंगावर धरलं आणि रडू आलं, साधं, बरं वाटणारं रडू. मग माप द्यायच्या कोपऱ्यातला पडदा ओढून मी ते घातलं.

ते बसेना. उजवीकडे ठीक. डावीकडे छातीवर ताणलं जात होतं, बटण लागत नव्हतं. मला वाटलं, सहा वर्षांत मी बदलले, तिनं अंदाजानं शिवलं असेल. आणि मग, का कोण जाणे, मी हात आत घालून ती कापसाची पट्टी काढली.

रेणू, ते कातडीसारखं बसलं.

आरशात मी बघत होते आणि मागे पंख्यानं सगळे कागद हलत होते. मी जाकीट काढून उलटं केलं. उजव्या भागाला टक्स होता, छातीचा उभार सामावून घ्यायला बायकांच्या कपड्याला घालतात ती चुणी. डाव्या भागाला टक्स नव्हता. सरळ, सपाट कापड, पुरुषाच्या शर्टासारखं. डावीकडे आतून तेवढंच जुन्या धुवट लुगड्याचं मऊ अस्तर. आणि काखेतून येणारी शिवण नेहमीच्या जागी नव्हती. बोटभर मागे सरकवलेली. नेहमीच्या जागी असती तर ती बरोबर माझ्या व्रणावर घासली असती.

मी ते पुन्हा अंगात घालून पडद्याबाहेर आले. "हे कधी शिवलं तिनं?"

"शिवली नंतर. कापली आधी." आईनं भिंतीकडे बोट केलं. "कागद तिथंच हाय की."

माझ्या शाळेच्या गणवेशाच्या कागदावर एक नवा कागद अडकवलेला होता. माझं नाव. तुझं वळणदार अक्षर. समोरचे दोन भाग. एकावर टक्सच्या खुणा, दुसरा कोरा. खाली तारीख. मी ती तारीख तीनदा वाचली. ती संक्रांतीच्या आधीच्या रविवारची होती. माझी गाठ मला आषाढात हाताला लागली. पेन्सिलीनं तू हे लिहिलंस तेव्हा माझे दोन्ही स्तन जागेवर होते, आणि मला काही झालंय हे जगात कुणालाही ठाऊक नव्हतं.

मी खाली बसले. तो रविवार मला आठवला, कारण तो इरफानच्या मुलीच्या अकीक्याचा, म्हणजे बारशाचा होता. सहा वर्षांत तू मला भेटलीस ती तेवढीच. मांडवात बायकांच्या बाजूला तू अचानक समोर आलीस, आणि काय बोलावं कळेना म्हणून आपण मिठी मारली. क्षणभर. तुझा हात माझ्या काखेखाली आला आणि थांबला. मग तू चटका बसल्यासारखी मागे झालीस. तुझा चेहरा पांढरा पडला होता. मला वाटलं, अजून राग आहे हिचा. एवढा, की स्पर्श सहन होत नाही. मी वळले, बिर्याणी न जेवता निघून आले. पुढच्या आठवड्यात एका दुपारी तुझे तीन फोन आले. मी कचेरीत होते. मोबाइल उलटा करून ठेवला. माफी मागायची असेल तर सहा वर्षांनी कशाला, असं म्हणाले, मनाशी. नंतर परत केला नाही.

"त्या दिवशी ती आली ती जेवलीच नाही," तुझी आई सांगत होती. ती मशीनवर टेकून उभी होती आणि माझ्याकडे बघत नव्हती. "थेट वर आली, कागद पसरली. मी चहा घेऊन आले तर हे कापलेलं. मी म्हटलं, अगं डावीकडं टक्स विसरलीस. तर म्हणती, विसरले नाही आई. असंच हाय ते. मी म्हटलं, कुणाचं? तर बोलली नाही. अदी, मला तेव्हापासून तो कागद बघवत नाही. काय हाय ते?"

इतक्यात इरफान खुर्च्या आवरून वर आला होता आणि जिन्याच्या तोंडाशी उभा होता. मी दोघांना सांगितलं. जाकिटाचं बटण काढून तुझ्या आईचा हात धरला आणि डाव्या बाजूवर ठेवला. तिच्या हातालाही तुझ्यासारखंच कळत असावं. हात तसाच ठेवून ती हळूहळू खाली, माझ्याशेजारी बसली. इरफान भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. "मेरे कू क्यों नै बोली तू?" एवढंच म्हणाला, पुन्हा पुन्हा.

मी म्हणाले, "तिनं मला का नाही सांगितलं? नुसते तीन फोन करून गप्प बसली?" माझा आवाज चढला होता. होय रेणू, तुझ्या बाराव्याच्या दिवशी मी तुझ्या आईसमोर तुझ्यावर चिडले. एक निरोप टाकला असतास. एक ओळ.

"गप कुठं बसली?" आई म्हणाली. "हुबळीपर्यंत गेली की ती."

मला कळेना.

"पुण्याला येणार होती, तुझ्याकडं. सकाळच्या गाडीनं निघाली. मला म्हटली, अदीला बघून येते. हुबळीला उतरली, तिथनं पुण्याची गाडी बदलायची. तिथनं ती फोन लावली तुला. तीनदा लावली. तू घेतली नाहीस. मग दुसऱ्या दिवशी परत आली. मी म्हटलं, का गं? तर म्हणती, जाऊन काय सांगू आई? माझ्या बोटाला वाटलं म्हणून सांगू? ती मला वेडी म्हणती. आधीच म्हणती." आईनं पदरानं तोंड पुसलं. "मग हे शिवायला बसली. म्हणायची, माझं चुकलं असू दे, देवा. चुकलं असलं तर मी उसवून टाकते. महिनाभर रोज संध्याकाळी थोडं थोडं. अदी, तिचं माप कधी चुकलं नाही गं. स्वतःचं तेवढं घेतली नाही."

खाली रस्त्यावर कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं आणि ती होत नव्हती. आम्ही तिघं ते ऐकत बसलो.

पाच-सहा महिने आधी कळलं असतं तर काय वाचलं असतं, हे मी डॉक्टरांना विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तुला दोष द्यावा असं मला काही क्षण वाटलं आणि मग तुझ्याच दुकानात बसून मला तुझी ती हुबळीची दुपार दिसायला लागली. तू मला शोधायला निघालीस, ज्या बाईनं तुला वेडी म्हटलं तिच्याकडे, हातात पुरावा म्हणून फक्त तुझी बोटं. मी तुझ्या जागी असते तर मंड्यापर्यंतही गेले नसते.

परतीला मी मुद्दाम सकाळची गाडी घेतली, हुबळीला बदलणारी. थंडी नव्हती, तरी जाकीट घातलं. पट्टी लावली नाही. सहा वर्षांपूर्वीचं ते भांडण मी वाटेत पुन्हा काढलं, सवयीनं, आणि पहिल्यांदाच त्यात मला माझं वाक्य सापडेना. दावणगिरी गेलं, हावेरी गेलं. तू याच बाजूच्या खिडकीशी बसली असशील का, याच उन्हात, काय बोलायचं ते ओठात जुळवत, असं मनात येत राहिलं. शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी होती. दोन वेळा माणसं आली, जागेकडे बघितलं, आणि पुढे जाऊन उभी राहिली. का, ते मला माहीत नाही. मी कुणाला विचारलं नाही.

हुबळीच्या स्टँडवर उतरले तेव्हा साडेचार वाजले होते. पुण्याची गाडी कुठे लागते ते विचारलं. तिथल्या सिमेंटच्या बाकावर बसले. त्या बाकावरून तू मला फोन लावला होतास की दुसऱ्या, हे कळायला काही मार्ग नव्हता. मी मोबाइल काढला, मागे मागे जात तुझे ते तीन फोन शोधले. दुपारची चार एकेचाळीस, चार त्रेचाळीस, चार बावन्न. नऊ मिनिटं थांबून तिसरा लावला होतास.

मी त्यावर बोट ठेवलं. पडद्यावर तुझं नाव आलं आणि पलीकडे वाजायला लागलं.

खूप वेळ वाजलं. मी ठेवणार एवढ्यात कुणीतरी उचललं. कुणी बोलेना. नुसता श्वास, जिना चढून आल्यासारखा. माझ्या मानेवर काटा आला आणि तरी, देवाशपथ रेणू, मला आनंद झाला.

"हलो?" तुझी आई म्हणाली. "अदी? कुठं हायस गं?"

"हुबळीत."

फलाटावर गाडी मागे घेत होते, कंडक्टर बेळगाव, कोल्हापूर, पुणे असं ओरडत होता. ते तिला ऐकू गेलं असावं.

"गाडी लागली का पुण्याची?"

"लागली, आई."

"मग बस की," ती म्हणाली. "परत फिरू नको."